महामायाचं इंजेक्शन

“माह्यानं होत नाई, ताई.” जयमालानं इंजेक्शनचं पेन परत सिंधूताईंच्या हातात दिलं. “सुई जवळ नेली का हातच कापतात माहे.”

अकरा वर्षांची महामाया, जयमालाची लेक, खाटेवर बसली होती. बसली की पाय जमिनीला टेकत नव्हते. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासण्या करून टर्नर सिंड्रोम सांगितला होता. जन्मतःच एक गुणसूत्र कमी, म्हणून उंची खुंटलेली. वाढीच्या हार्मोनचं इंजेक्शन रोज घ्यायचं, पुढची काही वर्षं.

दीड वर्ष ते काम शेजारच्या सिंधूताईंनी केलं. त्या उपकेंद्राच्या नर्सबाई. एकतीस वर्षांत वडनेर भोलजीतल्या जवळजवळ प्रत्येक लेकराला त्यांनी सुई टोचली होती. पोरं त्यांना पाहून गल्ली बदलायची. महामाया एकटीच दिवेलागणीला दारात उभी राहून त्यांची वाट पाहायची, सुई टोचून घेताना शाळेतलं सगळं सांगायची. दीड वर्षात बारा सेंटीमीटर वाढली होती.

महिनाअखेर सिंधूताई निवृत्त होऊन नाशिकला लेकाकडे निघाल्या होत्या.

“मंग बंदच करा लागन,” जयमाला हळूच म्हणाली. “हिचे बाबा बी म्हनतात, राह्यली बुटकी तं राह्यली.”

“मले शिकवा ना, मावशी,” महामाया म्हणाली.

सिंधूताईंच्या ओठांवर ‘नाही’ आलं होतं. पोरीची काळजी होती, पण तेवढंच नव्हतं; रोजचं हे काम दुसऱ्या हाती सोपवायलाही मन होत नव्हतं, हे त्यांचं त्यांना कळलं. त्यांनी पेन तिच्या हातात दिलं.

पहिल्या दिवशी तिनं घाईनं सुई काढली. औषधाचा थेंब मांडीवरून ओघळला.

“वाया गेलं?”

“थोडंसं. दाबल्यावर जरा थांबाचं. घाई काऊन करतं?”

चौथ्या दिवशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण हात हलला नाही. दाराआडून पाहणारी जयमाला हळूहळू खाटेपर्यंत आली. मग कापूस तीच धरू लागली.

निघायच्या आदल्या दिवशी सिंधूताई नेहमीच्या वेळी आल्या, मोरीवर साबणानं हात धुऊन आत गेल्या. महामाया गणितं सोडवत होती.

“चाल, आज कोनती मांडी?”

“डावी. घेतलं ना मी.” तिनं वहीतून मान वर केली. “तुमी सामान बांधून राह्यल्या होत्या, म्हनून नाई थांबली.”

सिंधूताईंनी फ्रिज उघडला. पेन टोपण लावून जागेवर ठेवलेलं होतं. आजची सुई वापरलेल्या सुयांच्या डब्यात होती.

“बरं केलं,” त्या म्हणाल्या.

जयमाला चहा ठेवायला गेली. पोरगी पुन्हा वहीत रमली. सिंधूताई खाटेच्या कडेला टेकल्या आणि पदरानं ओले हात पुसत राहिल्या, एकेक बोट, सावकाश.