एका वर्षाचा परवाना

मी एक परवाना बोलतोय. परदेशात मोटार चालवायची मुभा देणारा. राखाडी कव्हर, आत पाच-सहा भाषांत छापलेली तीच ती माहिती, आणि आयुष्य मोजून एक वर्ष.

माझा जन्म न्यू जर्सीतला, पिस्कॅटवेजवळच्या एका मोटार क्लबच्या ऑफिसात. काउंटरवरच्या बाईंनी माझ्या पोटात एक फोटो चिकटवला, त्यावर शिक्का मारला आणि विचारलं, "कुठे जाणार?" फोटोतल्या बाई समोरच उभ्या होत्या. शैलजा खानझोडे, वय सदुसष्ट. त्या म्हणाल्या, "जपान." मग स्वतःशीच मराठीत पुटपुटल्या, "बघू या."

त्या 'बघू या'चा अर्थ मला घरी गेल्यावर कळला. त्यांचे यजमान दिगंबर यांनी पस्तीस वर्षं पुलांची तपासणी केली होती. डोक्यावर हेल्मेट, कमरेला दोर, आणि खाली नदी. असा माणूस, आणि बायकोला मात्र पुलाची धडकी! पूल आला की त्या शेजारच्या सीटवर डोळे मिटून घेत. पण दोन वर्षांपूर्वी दिगंबररावांच्या नजरेचा मधलाच भाग गेला. कडेकडेचं धूसर तेवढं उरलं. गाडीची किल्ली शैलजाबाईंकडे आली. किराणा, देऊळ, डॉक्टर, सगळीकडे त्या गाडी चालवत, पण वाटेत मोठा पूल असला की लांबचा वळसा घालत.

जपानमध्ये समुद्रातल्या बेटांवरून उड्या मारत जाणारा एक रस्ता आहे. बेटाला बेट पुलांनी जोडलेलं. त्यातला तातारा नावाचा पूल बांधला जात होता, तेव्हापासून दिगंबररावांच्या मनात होतं, की रिटायर झाल्यावर तो बघायचा. तळघरातल्या भिंतीवर त्याचा फोटोही होता.

मी पाच महिने ड्रॉवरमध्ये पडून राहिलो. रेडमंडहून त्यांच्या मुलीचा, हिमानीचा फोन यायचा. स्पीकरवर असल्यामुळे मलाही ऐकू यायचं.

"आई, बी प्रॅक्टिकल! तू घराजवळचा स्टेटन आयलंडचा ब्रिज घेत नाहीस, आणि तिथे ड्राइव्ह करणार? टूर बस बुक करते मी."

"बस पुलाखाली थांबत नाही गं. बाबांना हवं तिथे थांबता आलं पाहिजे."

आणि दिगंबरराव? ते म्हणत, "मला दिसत नाही, शैला. तिथे जाऊन मी बघू काय?"

एका रविवारी त्यांनी तळघरातला तो फोटो उतरवला आणि रिसायकलिंगच्या डब्यात नेऊन टाकला. "उगाच भिंत कशाला अडवायची," म्हणाले. शैलजाबाईंनी हात पुसले, ड्रॉवर उघडला, मला पर्समध्ये टाकलं आणि त्याच दुपारी दोन तिकिटं काढली.

जपानात फुकुयामा स्टेशनबाहेर भाड्याची गाडी घेताना काउंटरवरच्या मुलीने मला दोन्ही हातांनी घेतलं, वाकून वाचलं आणि दोन्ही हातांनी परत दिलं. कागदाला कोणी इतक्या मानाने वागवतं, हे मला ठाऊकच नव्हतं. माझं काम तिथेच संपलं. पुढचं सगळं शैलजाबाईंनी केलं.

तिथे डावीकडून चालवायचं असतं. त्यांनी सिग्नल द्यायला हात लावला की वायपर फिरे. दिगंबरराव हसून विचारत, "पाऊस आला का गं?" पण डावी बाजू त्यांना लवकर जमली. नागपूरला कॉलेजात असताना त्या लूना चालवायच्या. ते कुठेतरी अंगात शिल्लक होतं.

पहिला पूल दिसला आणि त्यांनी अलीकडच्याच थांब्यात गाडी घातली. इंजिन बंद केलं. मी उघड्या पर्समधून बघत होतो.

"अहो, माझ्याने नाही होणार."

दिगंबररावांनी लगेच धीर वगैरे दिला नाही. त्यांनी विचारलं, "कशाची भीती वाटते? नीट सांग."

"तो हलतो. मला कळतं तो हलतो ते."

"हलतोच. हलायलाच बांधलाय. वारा आला की थोडा झुकतो, ट्रक गेला की थोडा वाकतो. मी आयुष्यभर न हलणाऱ्या पुलांना घाबरलो, शैला. तू फक्त आपल्या लेनकडे बघ. आणि काय काय दिसतंय ते मला सांगत राहा."

दहा मिनिटांनी गाडी निघाली. शैलजाबाई बोलू लागल्या. आधी अडखळत, मग भरभर. खाली निळं-हिरवं पाणी. एक बोट, मागे पांढरी रेघ. बेटं, झाडांनी गच्च भरलेली, एकामागे एक, लांबची फिकट होत गेलेली. उतारावर लिंबांच्या बागा. पूल संपला, तरी त्यांना कळलं नाही. कळलं तेव्हा त्या मोठ्याने हसल्या. "अहो, झाला की!" पुढचा पूल आला तेव्हा त्यांनी खिडकीची काच खाली केली.

तातारापाशी त्या मुख्य रस्ता सोडून किनाऱ्याच्या वाटेने गेल्या आणि गाडी लावून दोघं पायी वर चढले. त्या पुलावरून माणसांना चालत जाता येतं. दिगंबररावांचा हात त्यांच्या खांद्यावर.

"तारा कशा दिसतात?"

"हातमागावर ताणा लावतात ना, तशा. पण आभाळाएवढा माग."

ते म्हणाले, "वा!" पण आवाजात कसनुसं काहीतरी होतं. मला तर काहीच दिसत नव्हतं. आता पर्सची चेन लावलेली होती.

बाहेर काय चाललं होतं ते मला नंतर हिमानीच्या फोनवरून कळलं. पुलाच्या मनोऱ्यापाशी एक जपानी आजोबा सायकल टेकवून उभे होते. त्यांनी दिगंबररावांच्या हातात दोन लाकडी पट्ट्या दिल्या आणि एकमेकींवर आपटायची खूण शैलजाबाईंना केली. तिथे त्या त्यासाठीच ठेवलेल्या असतात.

दिगंबररावांनी पट्ट्या आपटल्या. टक्!

आणि तो आवाज वर चढू लागला. मनोऱ्याच्या दोन पायांमधून टकटकत, थरथरत, वर, आणखी वर, बारीक होत होत थेट आभाळात. पर्सच्या अंधारातही मला तो ऐकू आला.

मग दिगंबररावांचा आवाज आला. "दोनशे मीटरच्या वर आहे गं. वर जाऊन दोन्ही पाय एकत्र येतात. कळलं मला. सगळा कळला." आणि त्यांनी पुन्हा पट्ट्या आपटल्या. पुन्हा. पुन्हा. आजोबा टाळ्या वाजवत होते आणि शैलजाबाई रडत होत्या.

त्या दिवशी त्यांनी राहिलेले सगळे पूल पार केले. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतही आल्या.

गेल्या महिन्यात माझी मुदत संपली. दिगंबररावांना आता कडेचंही फारसं दिसत नाही. मला वाटलं, आपली रवानगी कचऱ्यात. पण परवा ड्रॉवर उघडला आणि माझ्या शेजारी एक कोराकरकरीत परवाना येऊन पडला. फोटो शैलजाबाईंचाच, या वेळी थोडा हसरा. नॉर्वेला जायचं म्हणतात.

तो बिचारा घाबरलेला होता. म्हणाला, "काका, मला काय काय करावं लागेल?"

"फारसं काही नाही," मी म्हटलं. "काउंटरवर एकदा पान उघडून दाखव. मग पर्समध्ये गप्प बस, आणि शैलजाबाई दिगंबररावांना काय सांगतात ते ऐक."