नाव मिळालं की अर्ज करा

उरले दिवस : चार

लॅबने ईमेलवर पाठवलेला एकही रक्ताचा रिपोर्ट मोठं हॉस्पिटल घेईना. शेरा एकच : पाठवणाऱ्या आकड्याला नाव नाही.

"शुक्रवारपर्यंत जमलं नाही तर हॉस्पिटल नमुने दुसऱ्या लॅबला देणार," लॅबचे डॉक्टर म्हणाले. "मग मला कॉम्प्युटरवालीची गरज उरणार नाही. तुला टेन्शन द्यायचं नाहीये हं."

छे, दिलंच कुठे होतं!

घरी कॉम्प्युटरवालीने आईला समजावलं. प्रत्येक मशीनला आकड्यांचा पत्ता असतो. त्या आकड्यावरून उलटं नाव शोधता आलं पाहिजे, आणि ते नाव नोंदवायचा हक्क इंटरनेट कंपनीने लॅबकडे सोपवला पाहिजे.

"म्हणजे पाकिटामागे पाठवणाऱ्याचं नाव," टपालात पस्तीस वर्षं काढलेली आई म्हणाली. "एवढ्यासाठी पगार देतात तुला?"

उरले दिवस : तीन

"मॅडम, राउटर बंद करून चालू केलात का?" इंटरनेट कंपनीचा फोनवरचा माणूस म्हणाला.

"राउटर ठणठणीत आहे. रिव्हर्स डीएनएस डेलिगेशन हवंय, आकड्याला नाव द्यायचा हक्क."

"हो हो. पण करा ना एकदा. फॉर्ममध्ये रकाना आहे."

केलं. रकान्याचा आत्मा शांत झाला.

"आता लॅबच्या ईमेलवरून अर्ज पाठवा."

पाठवला. तो कंपनीच्याच दारात अडकला. शेरा : पाठवणाऱ्या आकड्याला नाव नाही, नंतर प्रयत्न करा.

"अहो, नाव मिळावं म्हणूनच तर अर्ज करतेय!"

"बरोबर आहे मॅडम. नाव मिळालं की अर्ज करा."

तिने आणखी चारदा पाठवला. पाचही अर्ज लॅबच्या मशीनवर रांगेत उभे राहिले, शहाण्या मुलांसारखे.

उरले दिवस : दोन

कंपनीच्या काउंटरवरच्या माणसाने तिचा छापील अर्ज दोन बोटांत धरला. "कागद घेत नाही आम्ही. पेपरलेस ऑफिस आहे." त्याच्या मागे फायलींचे गठ्ठे छताला टेकले होते.

आतून चहाचा कप घेऊन एक इंजिनिअर आला. त्याने तिच्या खांद्यावरून अर्ज वाचला. "एवढंच? दोन मिनिटांचं काम."

दीड मिनिट लागलं.

"आधीच नाही का यायचं?" तो म्हणाला.

ती हसली. म्हणजे दात दाखवले.

उरला दिवस : एक

सकाळी रिपोर्ट भराभर गेले. "बघ, मनावर घेतलं की होतं," डॉक्टर म्हणाले. मनावर त्यांनीच घेतलं असावं.

रिपोर्टांपाठोपाठ रांगेतले पाचही अर्ज कंपनीत पोहोचले. तासाभरात उत्तर :

"आपला अर्ज मिळाला. तपासणीत सदर काम विनाअर्ज झाल्याचे आढळले. सायंकाळी ते रद्द करून आपल्या अर्जावर रीतसर कार्यवाही सुरू होईल. मुदत सात दिवस."

मग टपालातल्या बाईची लेक जागी झाली. नाव आहे तोवर पत्र पोहोचतं. तिने घाईघाईने लिहिलं : "पाचही अर्ज मागे घेतो. आम्हाला काहीही नको."

संध्याकाळी तिने दर पाच मिनिटांनी आकडा तपासला. नाव जागच्या जागी. सहाला ईमेल आला :

"आपली मागणी यशस्वीरीत्या पूर्ण झाली आहे. आमच्या सेवेला किती तारे द्याल?"

तिने मुकाट्याने पाच दिले. हात दाखवून अवलक्षण कोण करून घेणार?