बिरूच्या अंगावरची चांदी

वैजयंतीबाईंच्या अंगणवाडीत तीन वर्षांत एकही पोर लाल रंगात गेलं नव्हतं, आणि ही गोष्ट कुणालाही सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे. मोहोळच्या बैठकीत सुपरवायझर मॅडमनी एकदा त्यांना उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. आता टाळ्या कुणाला नको असतात? पण खोटं कशाला बोला, बाई मेहनतीच्या होत्या. महिन्याच्या दहा तारखेला वजनकाटा खांद्याला लावून धनगरवस्तीवर जायचं, लिंबाच्या फांदीला तो अडकवायचा, एकेक पोर झोळीत घालून तोलायचं, उंची घ्यायची आणि आकडे मोबाइलवर भरायचे. मग मोबाइल रंग दाखवायचा. हिरवा म्हणजे पोर चांगलं, पिवळा म्हणजे मध्यम कुपोषित, लाल म्हणजे तीव्र. लाल पोराला आईसकट सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात चौदा दिवस ठेवायचं.

त्या दहा तारखेला दिपाली आपल्या बिरूला घेऊन सगळ्यांच्या शेवटी आली. बरोबर सासू, बनाबाई. दिपालीचा नवरा सिद्धाराम अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात मागावर होता, पंधरा दिवसांनी घरी यायचा. घरातला सगळा कारभार बनाबाईचा. बिरू चौदा महिन्यांचा. त्याच्या आधीचा मुलगा दीड वर्षाचा होऊन जुलाबानं दोन दिवसांत गेला, म्हणून ह्याला देवाचंच नाव ठेवलेलं, बिरुदेव.

"सात किलो दोनशे," बाई काट्याकडं बघत म्हणाल्या. "कमरेच्या साखळीचे शंभर गेले, ऱ्हायले सात शंभर. गेल्या म्हैन्यात सात व्हता. पिवळाच हाय, पण वाढतोय की गं!"

दिपाली जागची हलली नाही. "बाई, एक इचारू? तुमी म्हणता वाढतोय. मग मला उचलताना हलका का लागतो?"

"अगं, तुज्या हाताला सवय झाली. समद्या आयांना तसंच वाटतंय."

"न्हाय बाई. आदी रडला की वस्तीभर ऐकू जायचं. आता रडतच न्हाय. घास तोंडात तसाच धरून बसतोय."

बाईंना रागच आला. एकोणीस वर्षं पोरं तोलतेय मी, आणि ही कालची पोरगी मला शिकवणार! त्या रागातच त्यांनी बिरूला झोळीतून काढून मांडीवर घेतलं. पायातले वाळे वाजले. वाळे नवे होते.

"हे कवा घातले?"

"ताप आला व्हता की, पंधरा दिस झाले. तवा आत्याबाईंनी देवाला बोलले व्हते."

बाईंचा हात तिथंच थांबला. वस्तीची रीत त्यांना पाठ होती. बारशाला पोराच्या कमरेला चांदीची साखळी घालायची. पुढं पोर दुखण्यात पडलं की देवाला नवस बोलायचा, आणि बरं वाटलं की घरातल्या जुन्या चांदीतून एक नग घडवून त्याच्या अंगावर चढवायचा. जावळ काढेपर्यंत ती चांदी उतरवायची नाही. बाई नव्या होत्या तेव्हा त्यांनी एका पोरीची साखळी काढायला सांगितली होती, तर सगळ्या बायका पोरं उचलून तरातरा निघून गेल्या. दोन महिने कुणी फिरकलं नाही. तेव्हापासून बाई चांदीसकट तोलायच्या आणि साखळीचे म्हणून शंभर ग्रॅम वजा धरायच्या. सगळ्या पोरांना सरसकट शंभर.

त्यांनी बिरूचं कार्ड उघडलं. नवव्या महिन्यात जुलाब, मग मनगट्या. अकराव्यात खोकला, मग गळ्यात चांदीचा ताईत. आता ताप, आणि वाळे. दर दुखण्यानंतर पोराचं वजन थोडं वाढलेलं. आणि प्रत्येक नव्या नगाला ह्याच बाई कौतुकानं म्हणाल्या होत्या, छान दिसतंय गं! अरे देवा. पोर आठव्या महिन्यात होतं तिथंच होतं. वाढली होती ती चांदी.

त्यांनी कार्ड मिटलं.

"मावशी," त्या बनाबाईला म्हणाल्या, "ह्याच्या अंगावरचं समदं काढा. मला नुसतं पोर तोलायचंय."

"काय बोलताय बाई! जावळ झाल्याबिगर?" म्हातारीनं नातवाला ओढूनच घेतलं. "पयल्याचे काढले व्हते मी. पायाला रुततात म्हणून वाळे काढले, आन् आठ दिसात पोर गेलं माजं. आता न्हाय काढायची. जीव घ्या माजा, न्हाय काढायची."

देव खोटा म्हणायची बाईंची छाती नव्हती, आणि त्यांना तसं वाटतही नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

"मावशी, चूक तुमची न्हाय, देवाची तर न्हायच. माजी हाय. मी चांदी तोलली आन् पोर म्हणून लिहिली. त्याला सोलापूरला न्यायचं तवा पिवळा म्हणून घरात बसवला. आजबी ही चांदी अंगावर ऱ्हायली तर मोबाइल पिवळाच दाखवील, आन् ह्याला तितं खाट मिळायची न्हाय. पयलं पोर तुमी वाळे काढल्यानं गेलं न्हाय, मावशी. त्याला कुणी येळेवर दवाखान्यात न्हेलं न्हाय, म्हणून गेलं. ते सांगायचं काम बी माजंच व्हतं."

बिरूच्या डोळ्याच्या कडेला एक माशी येऊन बसली. पोरानं हात उचलला नाही, पापणीही मिटली नाही. म्हातारीनं माशी हाकलली. ती पुन्हा आली, म्हातारीनं पुन्हा हाकलली. मग सुनेला म्हणाली, "पदर पसर."

देवाचं नाव पुटपुटत तिनं एकेक नग काढला. साखळीची फिरकी घट्ट होती, ती दातांनी सोडवली. मनगट्या सोडवाव्या लागल्याच नाहीत, हात खाली करताच निसटल्या.

सहा किलो आठशे. बाईंनी दोनदा तोललं. मोबाइल लाल झाला, आणि त्यांनी तिथूनच फोन लावून गाडी मागवली.

गाडीला तासभर होता. बनाबाई उठली आणि वस्तीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "अगं ए ऋतुजा! गोजरबाई! पोरांच्या अंगावरचं काढून आणा गं! देवाला मी सांगते काय सांगायचं ते. माज्यासारखं करू नगासा!"

बाईंनी सांगितलं असतं तर कुणी आलं नसतं. बनाबाईनं सांगितलं म्हणून बायका आल्या, कुणी रडत, कुणी कुरकुरत, पण आल्या. सकाळी तोललेली अकरा पोरं बाईंनी पुन्हा तोलली, ह्या वेळी कुणाचेही शंभर वजा न करता. बिरू धरून चार पोरं लाल निघाली.

थोड्याच वेळात सुपरवायझर मॅडमचा फोन आला. "वैजयंतीबाई, सकाळी तुमच्याकडं सगळं व्यवस्थित होतं. आता एकदम चार लाल? काही चूक झालीय का?"

"झालीय मॅडम," बाई म्हणाल्या. "पण ती आजची न्हाय. एका गाडीत चार आया मावायच्या न्हाईत, दुसरी पाठवा."