शेकबाबाने जाळलेली गाठ

शोभाच्या थोरल्या लेकीचं, वैशालीचं लग्न झालं ते १९९८ साल. मांडवाचे बांबू दारातच होते, तेवढ्यात शोभाच्या नवऱ्याच्या, दत्तूच्या लघवीतून रक्त गेलं. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडात मोठी गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, "गाठीसकट मूत्रपिंड काढू. माणसाला एक पुरतं." सोमवारी ऑपरेशन ठरलं आणि रविवारी दत्तू शेक देऊन रोग जाळणाऱ्या शेकबाबाच्या रांगेत जाऊन बसला.

सुरतेतल्या कतारगामच्या त्या पटांगणात माणूस मावत नव्हता. बाबाने म्हणे बारा वर्षं हिमालयात उष्णता साठवली होती. सुरतेच्या वैशाखात ती वेगळी कशी ओळखायची, हे कुणी विचारलं नाही.

"सोमवारचं काय?" शोभाने विचारलं.

"बाबा आतल्या आत गाठ जाळतो. चिरफाड नाही की टाका नाही. मी नाही जात दवाखान्यात!"

 शोभाच्या सोबतीला शेजारच्या सरलाबाई होत्या, नगरपालिकेच्या मराठी शाळेतल्या शिक्षिका. त्या बाबाच्या हातांकडे बघत होत्या.

दत्तूला पालथं झोपवलं. बाबाने त्याच्या कमरेवर जाड कापडाची पुरचुंडी ठेवून वर तापीचं पाणी शिंपडलं. पुरचुंडीतून वाफ निघाली.

"अग्नी नाही, काडी नाही! बोल बच्चा, गरमी लागे छे?"

"लागे छे, लागे छे! आई गं!"

"रोग ओरडतोय, तू नाहीस!" बाबाने त्याच्यावर शाल टाकून तिच्याखाली चिमटा घातला आणि एक काळी, मऊ, धुरकट गाठ बाहेर काढली. "जय हो!" लोक ओरडले. रांगेतल्या दोघीजणींनी गाठीला हळदकुंकू वाहिलं.

गाठ शोभाच्या पुढ्यात आली. तिने वास घेतला. धुळ्याकडची बाई ती. काटक्यांच्या जाळावर किती वांगी भाजली असतील, याचा हिशोब नाही. तिने बोटाने साल सोलली.

"माय वं! हाई ते वांगं शे!"

"बेटी, ही गाठ आहे."

"गाठीत बिया?"

"ती रोगाची बीजं!"

"आणि हे देठ?"

 "मिरची-लसूण आणा रे, भरीत करू," मागून कुणी ओरडलं. तेवढ्यात सरलाबाईंनी पुरचुंडी उचलून ताटलीत सोडली. आत कळीचा चुना. त्यावर तांब्याभर पाणी ओततात तोच चुना खदखदू लागला. "हाच बाबांचा हिमालय. सहावीच्या मुलांना दाखवते मी."

गर्दी हसतेय तोवर बाबा पटांगणाच्या मागच्या फाटकातून पसार. दत्तू कमरेवरचे फोड चोळत उठला. "उद्या किती वाजता जायचंय?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

दवाखान्यात शोभाने डॉक्टरांना सगळं सांगून विचारलं, "गाठ खरंच जाळता येते का हो?"

"येते. परदेशात आता गाठीतच सुई घालून विजेने तापवून बघताहेत. पण लहान गाठीला. आणि नंतर पुन्हा फोटो काढतात, गाठ खरंच मेली का ते पाहायला. यांची गाठ मोठी आहे, ती काढलेलीच बरी. पुरचुंडीने फक्त कातडी भाजते."

तर बायाबापड्यांनो, कुणी रोग जाळला म्हणाला तर आधीचा आणि नंतरचा, दोन्ही फोटो मागा. गाठ हातात दिली तर सोलून बघा. आणि ऑपरेशनची तारीख चुकवू नका.

दत्तूने ती चुकवली नाही. एका मूत्रपिंडावर तो पंधरा वर्षं जगला आणि ४ जानेवारी २०१४ रोजी हृदयविकाराने वारला.