पुठ्ठ्यातला कागद

ही हकिकत कोणाला खरी वाटणार नाही, पैज लावा. आजवर जितक्यांना सांगितली त्या सगळ्यांनी आधी डोळे मोठे केले आणि मग घड्याळाकडे बघितलं. पण तुमच्या हातात त्र्याऐंशी नंबरचं टोकन आहे आणि खिडकीत आत्ता कुठे एकोणीस चाललाय, म्हणजे उठून जायची सोय नाही. तेव्हा सरकून बसा. आणि दाराशी टोकन वाटणारी ती मुलगी आहे ना, तिच्याकडे लक्ष देऊ नका. ती ऐकत नसल्याचं सोंग करते.

तर एक होता बाइंडर. तेरा फूट खोल बोळकांडीसारखं त्याचं दुकान. पुढे कागद कापायचं यंत्र, मध्ये दाबाचा शिकंजा आणि मागच्या खिडकीखाली ताई, त्याची थोरली बहीण. ती कागदाच्या घड्या शिवायची, तो पुठ्ठे चढवायचा. ताईचा टाका असा, की एकदा तिनं शिवलेली हजेरीवही शाळेच्या दुसऱ्या मजल्यावरून खाली पडली. खाली सायकल उभी होती, ती वाकली. वहीचं पान हललं नाही. सायकलवाला अजून हयात आहे, विचारून या.

एका सकाळी दुकानाच्या दारावर नोटीस चिकटवलेली. बाइंडरनं ती आधी वाचलीच नाही. कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "खळ किती पातळ केलीय बघ. चारही कोपरे सुटलेत."

"खळ राहू दे बाजूला," ताई आतून म्हणाली. "लिहिलंय काय?"

लिहिलं होतं ते असं : रस्ता रुंद व्हायचाय. दुकानाचे पुढचे अकरा फूट रस्त्याच्या रेषेत येतात. बांधकामाची जुनी परवानगी असेल तर तीस दिवसांत दाखवा, रेषा वळवू. नसेल तर पाडू.

"तेरातून अकरा गेले," ताई सुईत दोरा ओवत म्हणाली, "म्हणजे माझी खुर्ची राहते. तू कुठे बसणार ते ठरव."

दुकान त्यांच्या वडिलांनी बांधलेलं, परवानगी काढूनच बांधलेलं. पण त्या भल्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे कागद जपले आणि स्वतःचा कुठे ठेवला ते सांगायच्या आत डोळे मिटले. दोघांनी पेट्या उपसल्या, गाद्या उलट्या केल्या. ताईचा हरवलेला दात सापडला, कागद सापडला नाही. तेव्हा ठरलं, की नगर कार्यालयात त्याची प्रत असणारच. तिथे मागायची.

आता इथून नीट ऐका, तुम्हालाही उपयोग होईल. बाइंडरनं अर्ज लिहिला : आमच्या दुकानाच्या परवानगीचा कागद द्यावा. रांगेत उभा राहिला तेव्हा त्याची हजामत ताजी होती. खिडकीपर्यंत पोचला तेव्हा दाढीचे खुंट असे वाढलेले, की खिडकीतल्या कारकुनानं ओळखपत्रावरचा फोटो दोनदा बघितला.

"असा नाही चालत अर्ज," कारकून म्हणाला. माणूस वाईट नव्हता, फक्त थकलेला होता. "नेमकं काय हवं ते लिहा. कोणतं वर्ष, प्रकरणाचा नंबर, तारीख."

"ते सगळं त्या कागदावर असेल, साहेब."

"मग कागद बघून लिहा."

"कागद तुमच्याकडे आहे."

"म्हणून तर अर्ज करायचा," कारकून म्हणाला आणि पुढचा नंबर पुकारला.

असे तीन अर्ज परत आले आणि आठ दिवस गेले. चौथ्या वेळी बाइंडर जिन्यावर बसून राहिला. तिथे त्याला रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई भेटल्या. नाकावर रुमाल, हातात किल्ल्यांचा जुडगा, अंगावर इतकी धूळ की त्या शिंकल्या की भिंतीवर त्यांची आकृती उमटायची.

"एकदम नक्कल मागायला गेलात, तिथंच चुकलात," बाई म्हणाल्या. "आधी सूचीची वही बघायला मागा. बघण्याचा अर्ज वेगळा असतो. वहीत वडिलांचं नाव शोधा, तिथे नंबर मिळेल. तो नंबर घालून मग सही-शिक्क्याची नक्कल मागा. आणि अर्ज दिला की पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. पोच नाही म्हणजे तुम्ही आलाच नव्हता."

इतकं सरळ त्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं तसंच केलं, पोच घडी घालून खिशात ठेवली आणि आणखी सहा दिवसांनी तळघरातल्या टेबलापाशी बसला. बाईंनी वही आणली. आणली म्हणजे काय, दोन शिपाई आणि एक हातगाडी लागली. टेबलावर ठेवली तेव्हा वरच्या मजल्यावर मोठ्या साहेबांच्या चहाला लाटा आल्या.

बाइंडरनं वही उघडण्याआधी तिच्या पाठीवरून हात फिरवला. हिरवं कापड, कोपऱ्यांना चामडं. आणि टाका ताईचा. अठरा वर्षांपूर्वी ही वही दुरुस्तीला त्यांच्याच दुकानात आली होती. वडील तेव्हा अंथरुणावर होते, म्हणून पुठ्ठे त्यानं चढवले होते. त्याच्या आयुष्यातलं पहिलं मोठं काम. छाती फुगली त्याची, तेवढ्यापुरती.

वडिलांचं नाव सापडलं. नंबर चारशे सतरा. तारीख होती, वर्ष होतं, आणि शेवटच्या शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं : मुदत संपली, निकामी. याच वहीच्या पुठ्ठ्यास दिले.

त्यानं ती ओळ तीनदा वाचली.

तुम्ही काही बाइंडर नाही, म्हणून सांगतो. जाड वहीचा पुठ्ठा आतून पोकळ असून भागत नाही. त्यात कागदावर कागद चिकटवून थर भरावे लागतात. त्यासाठी कार्यालय वह्यांबरोबर मुदत संपलेल्या कागदांचा गठ्ठाही पाठवायचं. रद्दीच ती. आणि वडिलांनी मुलाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, "लोकांचे कागद वाचायचे नसतात. कागदाचा कल बघायचा. तंतू उभे की आडवे, तेवढं आपलं." शिस्त म्हणजे शिस्त. त्यानं त्या गठ्ठ्यातून सगळ्यात जाड, सगळ्यात चांगला कागद निवडला होता, कल बघितला होता, खळ लावली होती आणि स्वतःच्या बापाचं नाव न वाचता तो पुठ्ठ्यात बंद केला होता.

त्यानं अंगठा पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूनं हळूहळू फिरवला. खालच्या उजव्या कोपऱ्यापाशी तो थांबला. अस्तराखाली एक गोल उंचवटा लागला, नाण्याएवढा. उठावाचा शिक्का.

"बाई," तो म्हणाला, "इथे आहे. हात लावून बघा."

बाईंनी बोट लावलं. मग पटकन मागे घेतलं. "आहे खरा. पण तुम्ही खिशात हात घालू नका हं. तुमच्या खिशात पातं असणार, मला माहितीय. वहीला पातं लागलं तर आपण दोघंही आत."

"दोन मिनिटांचं काम आहे. पुन्हा असा चिकटवून देईन की कळणार नाही."

"कळणार नाही हीच तर भीती," बाई म्हणाल्या. "बघायची परवानगी आहे तुम्हाला. बघा."

मग पुन्हा खिडकी. ह्या वेळी अर्ज अगदी नेमका : चारशे सतरा, तारीख, वर्ष, वही, पुढचा पुठ्ठा, खालचा उजवा कोपरा. कारकुनानं तो दोनदा वाचला. त्याला खरंच मदत करायची होती, हे त्याच्या कपाळावरच्या आठ्यांवरून दिसत होतं.

"पुठ्ठ्यात आहे ते रेकॉर्ड नाही, काका. निकामी झालं म्हणजे रद्दी. रद्दीची नक्कल देता येत नाही."

"मग रद्दी द्या."

"द्यायला बाहेर काढावी लागेल. आणि पुठ्ठा रेकॉर्डचा आहे. तो फाडता येत नाही."

"म्हणजे कागद नाही म्हणून देत नाही, आणि आहे म्हणूनही देत नाही?"

कारकुनानं अर्ज हळूच परत सरकवला. मग आवाज उतरवून म्हणाला, "अपील करा."

अपील म्हणजे मोठे साहेब. त्यांनी सगळं ऐकलं, पाणी दिलं, पुस्तक काढून नियम वाचला. "एकच वाट आहे," ते म्हणाले. "वही दुरुस्तीला गेली की बाइंडर पुठ्ठा उघडतो. त्या वेळी तुम्ही हजर राहा."

"बाइंडर मीच आहे, साहेब."

"मग तर उत्तमच."

"कधी पाठवता?"

"खराब झाली की," साहेब म्हणाले. "खराब झाल्याचा दाखला लागतो. काय अवस्था आहे वहीची?"

बाइंडरला खोटं बोलायचं होतं. पण कारागीर माणूस, स्वतःच्या कामाला नावं ठेवायला जीभ रेटेना. "एकदम पक्की आहे," तो म्हणाला.

घरी ताईनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे गाढवा! जन्मात एकदा तरी काम वाईट करायचं होतंस!"

"टाका तुझाच आहे."

"म्हणून तर म्हणते," ताई म्हणाली. ताईच्या हातातली सुई तेवढी तशीच राहिली, ओवलेली.

उरलेले दिवस तो रोज टोकन घ्यायचा, रोज वही बघायला मागायचा. बाई आणून द्यायच्या. तो समोर बसून राहायचा. पाठीचं कापड कुठे विरलंय का, कोपऱ्याचं चामडं सुटलंय का, वाळवीचं एखादं भोक तरी आहे का. काही नाही. अठरा वर्षांत एक धागा सैल झाला नव्हता. एकदा बाई किल्ल्या शोधायला वळल्या, तेव्हा त्यानं अंगठ्याचं नख अस्तराच्या कडेखाली घातलं. नुसतं उचललं असतं तर झालं असतं. नख मोडलं. अस्तर जिथल्या तिथे. खळ त्यानं स्वतः शिजवली होती, दाट, गुठळी नसलेली.

तिसावा दिवस उजाडला. दुकानासमोर पिवळं यंत्र येऊन उभं राहिलं, दात वर करून. ताईनं खुर्ची बाहेर आणून ठेवली आणि त्यावर बसली. बाइंडर मात्र तळघरात, वहीसमोर.

आणि इथे ती गोष्ट घडली, जी तुम्हाला खरी वाटणार नाही. बरोबर अकराच्या ठोक्याला वही हलली. आधी थोडी, मग दणकून. मांडणीवरच्या बाकीच्या वह्यांनी पानं फडफडवली. बाई शिंकल्या, अशा शिंकल्या की तळघरातली पन्नास वर्षांची धूळ एका दमात जिन्यानं वर गेली आणि खिडकीतले सगळे कारकून पहिल्यांदाच उठून उभे राहिले. आणि पुठ्ठ्याचं अस्तर, कोणी हात न लावता, केळीच्या सालीसारखं आपोआप सोललं गेलं! आत कागद, कोरा करकरीत, चारशे सतरा, वडिलांची सही, उठावाचा शिक्का. मोठे साहेब स्वतः धावत खाली आले. वही खराब झाल्याचा दाखला तिथल्या तिथे, नक्कल तिथल्या तिथे, सही-शिक्का तिथल्या तिथे. बाइंडर तो कागद डोक्यावर धरून असा पळाला, की यंत्राचा दात दुकानाच्या पाटीपासून चार बोटांवर थांबला. रस्त्याला तिथे वळण द्यावं लागलं. अजून आहे ते वळण. दुकान आहे, निळं दार आहे, मागच्या खिडकीखाली ताई आहे. जाऊन बघा, इथून दहा मिनिटांवर...

"आजोबा," दाराशी बसलेली टोकनवाली मुलगी म्हणाली. तिच्या हातात आजचं, रोजच्यासारखं त्याच हिरव्या वहीसाठीचं टोकन होतं, आणि ते तिनं गोष्ट सांगणाऱ्या आजोबांपुढे धरलं होतं. "मी रोज त्याच रस्त्यानं येते. तो सरळ आहे."