फेलिसिदादचं मत सगळ्यात शेवटी

मालवणजवळच्या त्या वाडीत मन लावून वाचणारे जेमतेम चौघे, पण त्यांचं वाचक मंडळ नियमाला पक्कं. महिन्यातल्या एका रविवारी दुपारचा चहा झाला की सगळे फेलिसिदादच्या पडवीत जमत. ज्याने पुस्तक निवडलं, त्याने सगळ्यांची मतं होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, आणि वयाने सगळ्यात मोठ्या माणसाने सगळ्यात शेवटी बोलायचं. हा दुसरा नियम खुद्द फेलिसिदादमुळेच करावा लागला होता. बाईंची अख्खी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेलेली. त्या आधी बोलल्या की बाकीचे माना डोलावून मोकळे होत.

या खेपेचं पुस्तक त्यांच्या मुलाने, नेल्सनने, निवडलं होतं. पणजीहून आणलेला जपानी चित्रकथांचा संग्रह, इंग्रजीत उतरवलेला. सहा छोट्या गोष्टी, आणि सहाही गोष्टींत दोन पुरुष एकमेकांच्या प्रेमात. याला बॉइज लव्ह म्हणतात, जगभर लोक आवडीने वाचतात, एवढं सांगून पठ्ठ्या कुडाळला नोकरीवर निघून गेला. प्रत एकच, ती घरोघर फिरली.

फेलिसिदादना त्यातून जे कळायचं ते कळलं. खरं तर ते त्यांना केव्हाच कळलं होतं. कुडाळात पाण्याच्या पंपांचं दुकान चालवणारा सर्वेश, नेल्सनचा मित्र, दोन वर्षं रविवारी त्यांच्याकडे जेवायला येत होता. फक्त वाचनाच्या रविवारी तो नसे. आपला मुलगा बांगड्याचा काटा काढून तुकडा दुसऱ्याच्या ताटात ठेवतो, आणि त्या दोघांना त्यात काहीच विशेष वाटत नाही, हे आईच्या नजरेतून सुटतं होय? पण आपणहून विचारायची त्यांची छाती होईना. मुलाने आपल्या तोंडाने सांगावं एवढंच त्यांना हवं होतं. तो सांगत नव्हता, आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटे. आता त्याने हे पुस्तक पुढे केलं होतं. आपण फटकळ आहोत हे बाई ओळखून होत्या. एखादा शब्द वाकडा गेला तर पोरगा कायमचा मिटून जाईल, या धास्तीने त्यांनी पुस्तक दोनदा वाचून काढलं.

पहिली बोलली नम्रता. तिचं बाजारात औषधांचं दुकान. तिला दोन न्हाव्यांची गोष्ट आवडली होती. दोघे एकमेकांचे केस कापतात, आणि मनातलं सोडून जगातलं सगळं बोलतात. ते वाचताना तिला रडू आलं. पहिल्याच भेटीत प्रेम जडणारी गोष्ट मात्र तिला मुळीच पटली नाही. आपल्या काउंटरवर रोज एवढी माणसं भेटतात, कधी काही झालं नाही, असं तिने ठणकावून सांगितलं.

मग गुरुदास. आंब्याकाजूचा बागायतदार, घरी दोन सुना. त्याला पुस्तक भलतंच आवडलं होतं. फक्त एक गोष्ट तो कौतुकाने सांगू लागला, की हे जपानी लोक पहिल्याच पानावर एका घरात सुखाने राहतात, पुढे भांडतात, मग एकमेकांना लाजायला लागतात आणि अगदी शेवटी नाव विचारतात. नम्रता बघतच राहिली. ही पुस्तकं उजवीकडून वाचायची असतात, आणि तशी सूचना पानभर छापलेली होती. सिगारेटच्या पाकिटावर असते तसलं काहीतरी असेल, असं समजून गुरुदासने ते पान न वाचताच उलटलं होतं. नेल्सनला बोलायची मुभा नव्हती, तो ओठ दाबून बसला. शेवटी नम्रतानेच गुरुदासला चूक समजावली. तो कसला ओशाळतोय!

"चुकला काय त्येच्यात?" तो म्हणाला. "आमचाय तसाच झाला. आधी लगीन, मगे भांडाण आणि मगे वळख. ह्ये तसलेच. माका काय वेगळा वाटूक नाय."

सगळे पोट धरून हसले. नेल्सनही हसला, पण हसताना तो आईकडे बघत होता. आता बोलायचं होतं फेलिसिदादना.

त्यांनी गोडगोड काहीतरी ठरवून ठेवलं होतं. चित्रं नाजूक आहेत, भाषा साधी आहे, वगैरे. पण तोंड उघडलं आणि दोन्ही वाचनांत मनात साचलेला रागच बाहेर पडला.

"सहा गोष्टी, बारा झिल," त्या म्हणाल्या. "पण एकाचीय आवस खंय दिसणा नाय. लिवणाऱ्यान आवशींका भायर कित्याक ठेवल्यान? आवस असती तर तिना काय केल्यान असता, ता माका वाचूचा होता."

खरंच एकाही मुलाची आई नाही का, ते बघायला नम्रता पुस्तक ओढून पानं चाळू लागली. सगळ्यांची मतं झाली होती. आता पाळी नेल्सनची. त्याने पुस्तक मांडीवर घेतलं, मिटलं, बाजूला ठेवलं.

"आवशीक सांगूक भिती वाटता, मांय," तो म्हणाला. "म्हणान तिका गोष्टीत घेणत नाय."

"माका ठावक आसा, नेल्सन," फेलिसिदाद म्हणाल्या. "माका आयकूचा होता."

मग त्याने सांगितलं. सर्वेशचं नाव घेऊन, एका वाक्यात, गुरुदास आणि नम्रतासमोर. नम्रताने डोळे पुसले. गुरुदासने, न्हाव्यांपेक्षा ही गोष्ट बरी, एवढंच मत दिलं आणि आपला कप उगाचच पुन्हा तोंडाला लावला. फेलिसिदादना या घडीला म्हणायचं म्हणून दोन वर्षं कितीतरी सुचलेलं होतं. त्यातलं आता एक अक्षर आठवेना. त्यांना इतकं हलकं वाटत होतं की आठवायची गरजही वाटली नाही. त्यांनी मुलाला सर्वेशला फोन लावायला सांगितलं आणि फोन त्याच्या हातातून काढून घेतला.

पलीकडून सर्वेश नेल्सनच समजून दबक्या आवाजात विचारत होता, मांयला पुस्तक कसं वाटलं.

"पुस्तक साधारण आसा," फेलिसिदाद म्हणाल्या. "तू जेवक ये."