सगळ्यात वेगवान

गोथेनबर्गच्या कचेरीत हॅस्केल या संगणकभाषेतले प्रोग्राम तपासून चुका शोधणाऱ्या तीन फुकट साधनांची तुलना चालली होती. त्यातलं एक इंगेलानं स्वतः लिहिलेलं.

"तुझंच पहिलं गं! बाकीची नुसती रांगताहेत," दालचिनीचा बन चावत स्टेलान म्हणाला.

इंगेलाच्या मनात पाल चुकचुकली. तिनं प्रोग्राममध्ये मुद्दाम चूक घातली. बाकीच्या दोन्ही साधनांनी ती पकडली. तिचं मात्र 'सगळं ठीक'ची हिरवी खूण दाखवून मोकळं झालं. हॅस्केल मुलखाची आळशी, उत्तर मागितल्याशिवाय काडीचं काम करत नाही. अन् गेल्या वर्षी वेगाच्या हौसेपायी इंगेलानं आपल्या साधनातली उत्तर मागणारी ओळच उडवली होती. तेव्हापासून कुणाचंच काही तपासलं गेलं नव्हतं.

पडद्यावर एका अनोळखी माणसाचा निरोप आला: "आम्ही इन्सुलिनचे पंप बनवतो. तुमच्या हिरव्या खुणेवर निर्धास्त झोपतो."

"बघ, आभारही आले!" स्टेलान म्हणाला.